जाताना कोट, येताना शर्ट

आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते गिऱ्हाइकांसाठी. घरातल्या माणसांचा वेळ कपड्यांत मोजला जाई. शाळा एका कॉलरच्या अंतरावर होती, दवाखाना दोन बाह्यांवर. आई भाजी आणायला निघाली की बाबा विचारत, "किती?" आणि ती पायात चपला सरकवत म्हणे, "एक खिसा." बाबा लगेच मशीनवर खिसा लावायला घेत आणि तो लावून होईपर्यंत ती परतली नाही, तर उठून दारापर्यंत जाऊन बघत. एकदा परीक्षेच्या आधी मी रडत बसले होते, तेव्हा ते म्हणाले, "दोन काजं रड, मग उठ." मी मान खाली घालून आईच्या हातातल्या काजांकडे बघत रडायला लागले. दुसऱ्या काजाचा शेवटचा टाका पडायच्या आधीच रडू संपलं होतं, आणि उरलेला वेळ मी नुसतीच बघत बसले.

बाबा शिंपी होते. पुढे दुकान, मागे घर, मध्ये पडदा. कापणं आणि मशीन त्यांच्याकडे. सुईचं काम, म्हणजे काजं, बटणं, तुरपाई, अस्तर, हे आईकडे. तिला जवळचं नीट दिसेनासं झालं तेव्हापासून बाबा रोज सकाळी दुकान उघडल्या उघडल्या तिच्यासाठी सुया ओवून ठेवत. लाल मखमलीच्या उशीत दोरे लोंबणाऱ्या सुयांची रांग लागली की दुकान सुरू झालं असं समजायचं.

धाकटा, म्हणजे माझा भाऊ, नोकरीसाठी जगाच्या दुसऱ्या टोकाला गेला तेव्हा बाबांनी त्याचं तिकीट मागून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ वाचलं. निघणार दुपारी एकला, पोहोचणार दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. बोटांवर मोजून ते म्हणाले, "एक कोट आणि एक विजार. लांब आहे." पुढे तो सुट्टीवर आला त्याचंही तिकीट त्यांनी पाहिलं. तिकडून निघाला सकाळी अकराला आणि इथे उतरला त्याच दिवशी दुपारी तीनला.

"एक शर्ट," बाबा खुशीत म्हणाले. "बघा. जाताना कोट लागतो आणि येताना शर्टात भागतं. घराकडे यायला वेळ कमीच लागणार!"

मी हसले. मला ती बाबांची नेहमीची गंमत वाटली. तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या गावची आणि पोहोचायची वेळ पोहोचण्याच्या गावची असते, हे त्यांना ठाऊकच असणार असं मी धरून चालले. आई मात्र हसत नव्हती. ती समजल्यासारखी मान हलवत होती. त्याकडे मी लक्ष दिलं नाही.

धाकट्याचं लग्न ठरलं. त्याने तारीख कळवली तशी बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर शिंप्याच्या खडूने तिच्याभोवती गोल केला आणि ते कोटाच्या मागे लागले. गर्द निळं कापड त्यांनी बाजार पालथा घालून आणलं. कोट कापला, कच्च्या टाक्यांनी जोडून उभा केला, लाकडी पुतळ्यावर चढवला, दोन पावलं मागे जाऊन पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. त्यानंतरच्या आठवड्याबद्दल मी इथे लिहीत नाही.

कोट पुतळ्यावरच राहिला. आई त्याच्यावरची धूळ झटके, पण त्याला सुई लावत नसे. गिऱ्हाइकांचं काम मात्र तिने थांबू दिलं नाही. आपण लग्न पुढे ढकलू या का, असं धाकट्याने फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तारखेवर खडू पडलाय. आता कापायचं."

तो म्हणाला, "बरं. मग मी इथल्या एखाद्या दुकानातून कोट घेऊ का?"

फोन माझ्या हातात होता, पण आईचा आवाज फोनशिवायही तिथवर गेला असता. "शिंप्याचा मुलगा तू. विकतच्या कोटात उभा राहिलास तर मी फोटोत पाठ करून बसेन, सांगून ठेवते!"

निघायच्या आधीच्या पंधरवड्यात ती पहिल्यांदा बाबांच्या मशीनवर बसली. मी ऑफिसातून आले की पडद्याआडून मशीनचा आवाज येई. बाबांचा पाय सलग चालायचा. हिचा पाय थांबत थांबत चालत होता. माझ्या रजेची रखडपट्टी आणि तिची कबूल केलेली कामं यांत आमचं जाणं शेवटच्या टोकाला येऊन ठेपलं. विमान लग्नाच्या दिवशीच सकाळी उतरणार होतं आणि विमानतळावरून थेट नोंदणी कार्यालय. तिकिटाचा कागद तिने माझ्याकडून घेऊन मशीनच्या वर टाचणीने लावून ठेवला होता. ती रोज त्याच्याकडे बघायची. प्रवासाची धास्ती असेल, असं मला वाटलं.

विमानतळावर कोट तिच्या हातावर होता, पांढऱ्या मलमलीच्या पिशवीत. तपासणीच्या टेबलावर तिची पत्र्याची डबी उघडली गेली.

"या सुया कशाला?" तिथल्या साहेबांनी विचारलं.

"शिवायला," आई म्हणाली. "तुमच्याकडे कशाला वापरतात?"

साहेबांनी डबीतला मेणाचा तुकडा हुंगून पाहिला, रिळं उलटसुलट केली, सुई टोचू नये म्हणून घालायचं अंगुस्तान स्वतःच्या बोटात घालून बघितलं आणि डबी परत दिली. कात्री तिने शहाणपणाने घरीच ठेवली होती. दोरा तोडायला नखं कापायचं यंत्र घेतलं होतं.

विमानात खिडकीशी आई, मध्ये मी, आणि माझ्या पलीकडे एक अवाढव्य गृहस्थ. त्यांचे खांदे खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आले होते. बसल्या बसल्या आईने माझ्या कानात त्यांचं छातीचं माप सांगितलं आणि त्यांना 'पहिलवान' हे नावही देऊन टाकलं. आयुष्यभर ट्रेलर चालवलेले, आता निवृत्त, आणि चालले होते नात बघायला. हे सगळं त्यांनी पट्टा लावायच्या आत सांगितलं. नातीचा फोटो दाखवला. फोटोत एक दुपटं आणि एक नाक होतं.

"माझ्यावर गेलीय," ते म्हणाले.

"नाक बरं आहे," आई म्हणाली. ते वाक्य त्यांनी कौतुक म्हणून घेतलं.

विमान वर जाऊन स्थिर झालं. मी पिशवीतून वाचायची म्हणून ठेवलेली जाडजूड कादंबरी काढली. आईने मलमलीची पिशवी उघडून कोट मांडीवर पसरला, आणि मी कादंबरी तशीच मिटली.

कोटाला एकही काज नव्हतं. म्हणजे काजं कापलेली होती, समोरची तीन, प्रत्येक बाहीची, कॉलरच्या पट्टीवरचं एक, पण सगळी उघडी, टाक्याविना. बाह्यांतलं अस्तर नुसतं टाचलेलं होतं. खालची कड सुटी होती. बटणं डबीत होती.

"आई, हे काय?"

"काय म्हणजे? हातकाम."

"सगळंच?"

"सगळंच. वेळ आहे की. एक कोट आणि एक विजार. विजार घरी झाली, बॅगेत आहे. राहिला कोट, तोही फक्त हाताचा. मध्ये एक डुलकीसुद्धा काढीन मी."

तिच्या कामाला किती वेळ लागतो हे मी तिला सांगायची सोय नव्हती. माझ्या हातून साधं बटणसुद्धा सरळ लागत नाही. तिने घरून ओवून आणलेली एक सुई काढली, दोऱ्यावर मेण फिरवलं आणि बाहीच्या पहिल्या काजाला हात घातला. निवांत काम चाललं होतं. मध्येच ती ढग बघायची. एक ढग तिला कापसाच्या गादीसारखा वाटला, आणि गादी भरणाऱ्याने कोपरे नीट भरलेले नाहीत असं तिचं मत पडलं. जेवण आलं तेव्हा तिने कोट घडी करून बाजूला ठेवला, सगळं सावकाश खाल्लं, पहिलवानांना नको असलेली खीरही खाल्ली, आणि कबूल केल्याप्रमाणे डुलकी काढली.

जागी झाली ती खिडकीतल्या उजेडाने. बाहेर सगळं नारिंगी झालं होतं.

"अगं, मावळतोय की हा! आत्ता तर आपण जेवलो."

"आपण पूर्वेला चाललोय ना. रात्र समोरून येतेय आणि आपण तिच्याकडे निघालोय. म्हणून ती लवकर भेटते."

"म्हणजे सकाळही लवकर भेटणार?"

"हो."

तिचा हात थांबला. "किती लवकर?"

मी समोरच्या पडद्यावर नकाशा लावून दिला. निळ्या पाण्यावरून आणि पिवळ्या जमिनीवरून एक वाकडी रेघ गेली होती आणि तिच्यावर छोटंसं विमान चिकटलेलं होतं. खाली आकडे होते. एकूण अंतर नऊ हजार किलोमीटरच्या आसपास, त्यातलं तिसऱ्या हिश्श्याहून थोडं कमी कापून झालं होतं. पोहोचायला अजून साडेसात तास.

"साडेसात? अगं, तिकिटावर दुपारी एक ते सकाळी आठ आहे. कसंही मोजलं तरी एकोणीस होतात."

"सकाळी आठ हे तिथले आठ, आई. आपल्या घरी तेव्हा रात्रीचे बारा वाजलेले असतील. उडणं फक्त अकरा तासांचं आहे."

"तिथली वेळ पुढे असते हे मला कळत नाही का? मी काय त्याला झोपेतून उठवून फोन करते?"

"मग?"

"पण ते फोनचं! हे तिकिटाचं आहे."

 तिने अंगुस्तान काढून मांडीवर ठेवलं. पडद्यावरच्या आकड्यांतला शेवटचा आकडा आमच्यासमोर बदलला.

"म्हणजे तुझे बाबा चुकले," ती हळूच म्हणाली.

त्या काही महिन्यांत मी तिला रडताना पाहिलं होतं, चिडताना पाहिलं होतं, गिऱ्हाइकाशी एका बटणावरून भांडतानाही पाहिलं होतं. हा चेहरा नवीन होता. कापडात कधीही बोटभर कमी न पडू देणारा माणूस अख्ख्या आठ तासांनी कमी पडला होता, आणि विचारायला तो समोर नव्हता.

"त्यांनी तिकीट अगदी बरोबर वाचलं," मी म्हणाले. "जे छापलं होतं तेच वाचलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग कोटाकडे. एका बाहीची काजं आणि कॉलरवरचं एक झालेलं, दुसरी बाही उघडी, समोरची तीन उघडी, अस्तर आणि खालची कड सगळं बाकी. कापलेलं काज तसंच सोडलं तर धागे सुटत जातात. तसा कोट अंगावर घालता येत नाही. उतरल्यावर मोटारीत करू म्हणावं, तर मोटारीत सुई धरली की तिला मळमळतं. करायचं ते इथेच.

"मग तू तोंड बघत काय बसलीस?" ती एकदम कडाडली. "अस्तर घे! बारीक टाके, आणि वरच्या कापडात सुई जाऊ द्यायची नाही. गेली तर मी तुला खिडकीतून खाली टाकीन."

ओवून आणलेल्या सुया तोवर संपल्या होत्या. तिने नवी सुई दिव्याखाली धरली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि चार वेळा प्रयत्न केला. दोरा चारही वेळा बाजूने गेला. मी घेतली, विमान थरथरत होतं, माझंही जमेना. बाबांच्यामागे ती रोज सुया कशा ओवत असेल हा प्रश्न मला त्या क्षणापर्यंत पडलेला नव्हता.

"आणा इकडे," पहिलवान म्हणाले.

आईने त्यांच्या बोटांकडे पाहिलं. एकेक बोट केळ्याएवढं होतं. "तुम्हाला जमेल?"

"बाई, वळणाच्या बोळात उलटा ट्रेलर घातलाय मी. दोन्ही बाजूंना चार बोटं जागा." त्यांनी सुई नाकासमोर धरली, एक डोळा मिटला आणि दोरा एका झटक्यात पार केला. मग दुसरी सुई मागितली. मग तिसरी. थोड्या वेळाने त्यांच्या पुढच्या खुर्चीच्या कापडात सुयांची एक रांग लागली, प्रत्येकीला लोंबता निळा दोरा. आईने एकदाच त्या रांगेकडे पाहिलं, अंगुस्तान पुन्हा बोटात चढवलं आणि पहिली सुई उचलली.

दिवे मंद झाले. सगळे पांघरुणं घेऊन आडवेतिडवे झोपले. आमच्या रांगेवर तेवढे तीन छोटे दिवे. मी अस्तर आणि खालची कड शिवत होते, आई काजं. हवाईसुंदरी दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा ती आमच्यावरून आईकडे वाकली आणि काही हवं आहे का म्हणून तिने विचारलं.

"हवंय," आई म्हणाली. "चालवणाऱ्यांना सांगा, जरा हळू घ्या."

"सांगते," ती गंभीरपणे म्हणाली आणि गेली. मला वाटलं, ही आता आत जाऊन हसत सुटेल. पण ती परत आली. "कॅप्टन विचारतात, किती काजं राहिलीत?"

आईने कोट उचलून दाखवला. "बाहीची दोन आणि ही समोरची सगळी. आणि हिचं अस्तर, ते तर देवाच्या भरवशावर."

"सांगते," ती पुन्हा म्हणाली.

निरोप पोहोचला की नाही कोण जाणे, कारण थोड्या वेळाने कॅप्टनचा आवाज आला तो उलटाच. पाठीमागून जोराचा वारा मिळाल्यामुळे आपण वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचू. जाग्या असलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिलवानांच्या टाळ्यांनी बाकीचेही जागे झाले.

"यात टाळ्या कसल्या वाजवता?" आई त्यांच्यावर उखडली.

"अर्धा तास आधी, बाई! नात!"

"नात कुठे पळून जातेय? तिला अजून कूस बदलता येत नसेल. इथे माझ्या मुलाचा कोट उघडा पडलाय."

पहिलवानांनी कोटाकडे पाहिलं. त्यांनी हात मांडीखाली घातले. "बरं, टाळ्या परत घेतल्या. बोला, अजून किती सुया?"

 पहिलवान हातात सुई धरून पेंगले होते. आमच्या कोपरांमध्ये कोटाचं निळं कापड होतं. तिच्याकडून एक टोक, माझ्याकडून दुसरं. पडद्यावरचे किलोमीटर उतरत होते. मी शेवटी विचारलं.

"आई, मशीनचं काम झालं होतं. हातकामाला घरी चार दिवस होते. मग ठेवलंस का?"

तिने काजाचा टाका पुरा केला, दोरा ओढून गाठ बसवली, पुढचा टाका घेतला.

"घरी केला असता तर संपला असता. त्यांच्या हातचा शेवटचा," ती म्हणाली.

मी माझ्या अस्तराकडे बघत राहिले. थोड्या वेळाने तिनेच विषय बदलला. तिने माझी बाजू ओढून घेऊन दिव्याखाली धरली. "हे काय? टाके आहेत की उड्या?"

"उसवू?"

"राहू दे. आतल्या बाजूला आहेत. त्याला कुणी विचारलं तर सांगायला तरी होईल, हे ताईचं म्हणून." आणि मग, कापड परत देताना, "शेवटचे बरे आहेत."

खिडकीची कड उजळली तेव्हा समोरची दोन काजं उरली होती. आकड्यांत अर्धा तासही राहिला नव्हता. आईचा हात भराभर चालत होता. काजाच्या कडेने टाके एकाला एक लागून बसत होते, मुंग्यांची रांग चालावी तसे. पहिलवान जागे होऊन आता श्वास रोखून बघत होते. इतक्यात विमान एका बाजूला कललं आणि कॅप्टनचा आवाज आला. खाली दाट धुकं आहे, परवानगी मिळेपर्यंत थोडा वेळ वरच घिरट्या घालाव्या लागतील, क्षमस्व.

विमानभर कण्हण्याचा आवाज झाला. त्यात आईचा आनंदाचा चीत्कार अगदी स्पष्ट ऐकू आला. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिलं. पहिलवान खदाखदा हसायला लागले, त्यांच्या हसण्याने आमच्या तिन्ही खुर्च्या हलल्या आणि आई ओरडली, "हलू नका हो! टाका वाकडा पडेल!"

हवाईसुंदरी पट्टे तपासत आली. आमच्यापाशी वाकून म्हणाली, "कॅप्टननी सांगितलंय, हे तुमच्यासाठी नाही. खरंच धुकं आहे. पण तुम्ही तसं समजलात तर त्यांची हरकत नाही."

"त्यांना म्हणावं, त्यांचं माप माझ्याकडे द्या," आई मान वर न करता म्हणाली. "एक सदरा लागू झाला."

आम्ही घिरट्या घालत राहिलो. सूर्य एकदा आमच्या खिडकीत यायचा, एकदा पलीकडच्या. आमच्याकडे आला की आईचे टाके भरभर पडत. मी बटणं लावत होते, तिने खडूने खुणा केल्या होत्या तिथे. वरचं काज आधीच झालं होतं. मधलं झालं. तिसरं, सगळ्यांत खालचं, तिने हातात घेतलं आणि तेवढ्यात घंटी वाजली. आता खरंच उतरायचं होतं. हवाईसुंदरीने हात पुढे केला. "सुई आता आत ठेवा, आई."

ती कुणालाही आई म्हणत असेल. पण आईने मुकाट्याने सुई डबीत ठेवली.

"एक राहिलं," मी म्हणाले.

"कडेने दोन वळसे घातलेत. आज उसवणार नाही."

विमान जमिनीला लागलं तेव्हा पहिलवानांनी टाळ्या वाजवल्या आणि या वेळी आईनेही वाजवल्या. बाहेर पडताना त्यांनी पुढच्या खुर्चीत उरलेली एक ओवलेली सुई काढून तिला दिली. तिने ती कोटाच्या कॉलरखाली टोचून घेतली.

धाकटा दाराशीच उभा होता. त्याने आईला असं घट्ट धरलं की मलमलीची पिशवी दोघांच्यामध्ये चेपली, आणि तिने त्याला पहिलं वाक्य म्हटलं ते, "सोड, चुण्या पडतील!" त्याच्या मागे ती होती, ज्या मुलीशी त्याचं लग्न व्हायचं होतं. पोहायला शिकवायचं तिचं काम. उंच, केस अजून ओलसर, नेमकं काय बोलावं या विचारात. आईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मुलगी आणखी ताठ झाली.

"खांदे सरळ आहेत हिचे," आई माझ्याकडे वळून म्हणाली. "दोन्ही सारखे. असे क्वचित मिळतात." मग तिच्याकडे वळून, "तुला एक कोट शिवायचा आहे मला. चालेल ना?"

"चालेल," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

मोटारीत आई डोळे मिटून बसली. नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं: लांब बाक, एक पंखा, कुंडीतलं एक झाड, आमच्या आधी तीन जोडपी. तिथेच, खिडकीपाशी, तिने पिशवी उघडली. धाकट्याने हात मागे केले आणि तिने कोट चढवला. खांदे बसले. बाह्या मनगटाशी बरोबर थांबल्या. पोटाशी बाबांनी बोटभर जास्त ठेवलं होतं; लग्न ठरलं की मुलगा भरतो, असं त्यांचं म्हणणं असे. ते बोट पुरतं भरलेलं होतं.

धाकट्याने बाहीवरून हात फिरवला, काजांवरून अंगठा फिरवला, मग आतलं अस्तर उलटून बघितलं.

"हे कुणी केलं? हे उड्या मारत गेलेत."

"माझं आहे ते," मी म्हणाले. "झाकून ठेव."

आई दोन पावलं मागे गेली आणि बघत राहिली. बाबा जात तेवढीच दोन पावलं, तशीच मान किंचित कललेली. मी खिडकीबाहेर पाहिलं. खाली रस्त्यावर एक माणूस छत्री उघडायचा प्रयत्न करत होता आणि ती उघडत नव्हती. मी त्याच्याकडे मन लावून बघितलं.

"खालचं बटण?" धाकटा मागून विचारत होता.

"खालचं लावत नसतात. बाबांनी किती वेळा सांगितलंय!"

"पण आई, हे काज उघडंच आहे."

"आहे. वेळ कमी पडला."

"मग करून दे ना इथे. आठवडाभर आहेस तू."

"इथे नाही." ती त्याच्या खांद्यावरचा नसलेला धागा काढत होती. "घरी ये, तेव्हा करून देईन. दिव्याखाली, माझ्या खुर्चीवर बसून. तोपर्यंत उसवायला लागलं तर लवकर ये."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कुंडीतल्या झाडाकडे.

"तुमच्याकडे यायला किती वेळ लागतो?" मुलीने विचारलं.

धाकटा सांगायला लागला. "तसं बघितलं तर परतताना वारा समोरून असतो, त्यामुळे बारा ता..."

"एक शर्ट," आई म्हणाली.

"काय?"

"एक शर्ट. जाताना कोट लागतो, येताना शर्टात भागतं. ह्याच्या बाबांनी तिकीट बघून सांगितलंय."

"आई, ते तिकिटावरचं..." धाकट्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं, मदतीला. ती मुलगीही माझ्याकडे बघत होती. आईने मात्र पाहिलं नाही. ती त्याची कॉलर सरळ करत होती, अगदी हळू.

"हो," मी म्हणाले. "एक शर्ट. साधा, पूर्ण बाह्यांचा."

आतून आमचा नंबर पुकारला गेला. टेबलामागच्या बाईंनी कागद सरकवले, दोघांच्या सह्या झाल्या, आणि त्यांनी चष्म्यावरून पाहत साक्षीदार कोण म्हणून विचारलं. आई पुढे झाली. तिने पेन उचललं, ते तिला नीट धरता येईना. तेव्हा तिने हाताकडे पाहिलं आणि आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. अंगुस्तान अजून बोटात होतं. तिने ते काढलं नाही. पेन जरा वर धरून तिने तशीच सही केली.